सुई पुन्हा चालू केली

आमचे हे कळंबोलीच्या लोखंडबाजारात हमाली करायचे. त्यास्नी टीबी झाला. सरकारी दवाखान्यात रोज सुई घ्यायची. मधीच त्यांचे कान वाजाय लागले. तवाच्या डाक्टरनं सुई बंद केली. "परत घेतली तर बहिरे व्हाल," म्हनले. केसपेपरवर लिवलं बी. मग नुसत्या गोळ्यांवर बरं वाटलं, हे कामावर गेले.

पुढं खोकला उलटला. दवाखान्यात गेलो तर नवा कंप्युटर आल्याला. त्येला एशीची गारगार खोली, आत जायचं तर चपला काढायच्या. पेशंट मातर पत्र्याखाली उकडतोय. आमचा डाक्टर बदलीवर गेल्याला, आन जुने केसपेपर पोत्यात भरून कुटंतरी गोदामात धाडल्याले.

"मशीनीत बघा की," म्या म्हनलं.

खिडकीतला बाबू म्हनला, "मावशी, मशीनीत नवीनच पेशंट हायेत. मागचं भरायला मानूसच दिला नाय."

"मशीनीला पैका हाय, मानसाला न्हाई व्हय?"

"ते वर इचारा."

नव्या डाक्टरीणबाईस्नी म्या सांगितलं, एका सुईनं ह्यांचे कान वाजत्यात, ती देऊ नगा.

"कुठली सुई? नाव काय?"

"नाव कुटलं ठावं! कमरंखाली देत्यात ती."

"सगळ्या तिथंच देतात, मावशी." रांगेतले हसले. हे बी हसले. "काम काय करतात?" बाईंनी इचारलं.

"लोखंडबाजारात हमाली."

"मग त्या दणदणाटानंच वाजले असतील. कागद आहे का तसा?"

कागद त्यांच्याच गोदामात! म्हनलं, तो सापडंपत्तुर थांबा. तर ह्यांच्या खोकल्यातनं रगत पडाय लागल्यालं. थांबनार कसं? सुई पुन्हा चालू केली.

खोकला गेला. कान बी गेले.

मशीन आनली त्येचा मला राग न्हाई. पैका सरकारचा म्हंजे आपलाच की. पन आदी पोती उघडून मागचं मशीनीत भरायला दोन मानसं लावायची, मग एशी लावायचा. येवढं मला अडानीला कळतं.

हे कामावर गेले तवा मी बी संगं गेले. बाजारात वरनं क्रेननं लोखंडाच्या प्लेटा उतरत्यात. वरडल्यालं ऐकून मानसाला बाजूला सरकावं लागतं. मुकादमानं ह्यांना दोनदा सांगितलं. हे नुसतं बघत ऱ्हायले.

"वैनी, तुमीच सांगा," मुकादम म्हनला.

मग मीच ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या टोळीदेखत, बोंब मारल्यागत वरडले, "तुमाला कामावर घेत न्हाईत!"