मुरुडच्या याकूबची वाळवंटातली पोपटी

दुबईतल्या देऱ्यात सुजीत भागवतांचं मराठी जेवणाचं हॉटेल होतं. त्याचं नाव ते दर सहा महिन्यांनी बदलत, म्हणून इथं देत नाही. तिथं मालक सोडले तर फाडफाड मराठी बोलणारा एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच त्यांनी भटारखान्यात ठेवलं होतं. दाराशी फेटा बांधून उभा असायचा तो केरळचा मोहिद्दीन. त्याला मराठीतली तीन वाक्यं येत: ‘या, बसा’, ‘ताक घेणार?’ आणि ‘पुन्हा या’. चौथं काही विचारलं की तो फेटा सारखा करत हसायचा, आणि ठाण्यापुण्याची मंडळी ‘किती गोड माणूस!’ म्हणत आत शिरायची.

आत कोंबडीवडे तळणारा याकूब सिद्दी मुरुडचा. त्याचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून कोकण किनाऱ्याला लागले आणि तिथलेच झाले. याकूबचा रंग काळाभोर, केस घट्ट कुरळे, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत नववीपर्यंत, आणि जीभ अशी की बोंबलाच्या वाट्यावरून कोळणीशी भांडायला उभा राहिला तर कोळणीनं टोपली उचलावी.

‘‘शेठ, मला का नाय बाहेर घेत ऑर्डरीला?’’ त्यानं एकदा माझ्यासमोरच विचारलं.

‘‘अरे, गिऱ्हाईक मराठी वातावरणासाठी येतं,’’ भागवत म्हणाले. ‘‘चेहरा मराठी हवा.’’

‘‘मोहिद्दीनचा हाय?’’

‘‘फेट्यात चालून जातो.’’

भागवत मुळात वाईट माणूस नव्हेत. ते पुण्याचे, एवढंच. टॉवरांचे नकाशे काढायची त्यांची नोकरी दोन हजार आठच्या मंदीत गेली. अर्धे टॉवर क्रेनसकट जसेच्या तसे उभे राहिले, आणि भागवतांनी शेवटच्या पगारातून मावसभावाचं बुडतं हॉटेल चालवायला घेतलं. माणसांपेक्षा नकाशांवर त्यांचा विश्वास जास्त.

मला याकूबचं फार कुतूहल. माझं ऑफिस वरच्याच मजल्यावर. दुपारी मी मागच्या दारी चहाला जायचो. तिथं शेजारच्या इमारतीची सिक्युरिटी गार्ड नाकाटो यायची. ती युगांडाची. तिघांची भाषा हिंदी-इंग्रजीची मिसळ, वर थोडा अरबी ‘यल्ला’ आणि ‘खलास’चा तडका.

‘‘नाकाटो म्हणजे जुळ्यातली धाकटी मुलगी,’’ तिनं एकदा सांगितलं. ‘‘घरी मी तेवढीच होते. इथं विमानातून उतरले आणि एकदम आफ्रिका झाले. कुठल्या तरी देशात दंगल झाली की लोक मलाच विचारतात, तुमच्याकडे काय चाललंय? एवढा मोठा खंड एकटीनं सांभाळायचा म्हणजे दमायला होतं, हबीबी.’’

‘‘तुझा एकच हाय,’’ याकूब म्हणाला. ‘‘माझ्याकडं दोन. इंडियावाले म्हणतात तू आफ्रिकेचा. नायफच्या बाजारातले नायजेरियाचे व्यापारी ब्रदर म्हणून मिठी मारतात. मी हिंदीत बोललो की त्यांना वाटतं, मी त्यांना बनवतोय.’’

‘‘पण तुला स्वतःला काय वाटतं?’’ मी विचारलं.

त्यानं चहा फुंकला. ‘‘भाऊ, मला वाटतं नोव्हेंबर आलाय, वालाला शेंगा धरल्या असतील, आणि मी इथं बसलोय.’’

त्याच महिन्यात मोहिद्दीननं दोह्याला दुसरी नोकरी धरली. जाताना फेटा खुंटीला लावून गेला. हॉटेलात गिऱ्हाईक निम्मं उरलं होतं. भागवतांनी सरळ सांगून टाकलं, की जानेवारीपासून आत दोघं आणि बाहेर एक, एवढ्यांचाच व्हिसा पुढं वाढेल. आतले दोघं याकूबपेक्षा जुने होते. म्हणजे याकूबला बाहेरची जागा मिळाली तर तो राहणार, नाहीतर मुरुडला परत. तिकडं त्याची आई मैमुनाबी गावभर सांगत होती, की माझा याकूब दुबईत साहेबलोकांच्या ऑर्डरी घेतो. हे तिला कुणी सांगितलं, ते मी त्याला विचारलं नाही.

आणि मग भागवतांना सुचली पोपटी.

रायगडच्या बाजूला थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा-मीठ घालून भोवती जाळ करायचा. अल ऐनच्या रस्त्याला वाळूत शुक्रवारी दुपारी सहल, माणशी पन्नास दिरहम. ‘‘म्हणजे साडेसहाशे रुपये,’’ प्रत्येक जण मोठ्यानं म्हणाला आणि तरीही चाळीस जणांनी नावं दिली. मंदीत माणूस घर घेत नाही, गाडी घेत नाही, शेंगा मात्र सोडत नाही. पाला याकूबच्याच गाववाल्यानं सुट्टीवरून येताना आणला, बॅगेत गंजीफ्रॉकांच्या घड्यांमध्ये लपवून.

बाहेरच्या जागेचं आपण सहलीनंतर ठरवू, असं भागवत म्हणाले होते. याकूबला त्यांनी सामान उचलायला घेतलं आणि बजावलं, ‘‘तू व्हॅनपाशी थांब. लोकांशी मी बोलेन.’’

हवा सुरेख होती. बायकांनी वर्षातून दोनदा लागणारे स्वेटर काढले होते. भागवतांनी नकाशासारखी आखणी केलेली. वाळूत चौकोन, चौकोनात तीन दगड, दगडांवर मडकं तोंड वर करून ठेवलेलं. त्यांनी पाला घातला, शेंगा घातल्या, आणि करपू नये म्हणून शास्त्रशुद्धपणे तीन पेले पाणी ओतलं.

व्हॅनपाशी उभा असलेला याकूब आधी कण्हला. मग त्याला राहवेना.

‘‘अवो शेठ, भात लावताय काय?’’

चाळीस माणसं वळली. आवाज याकूबच्या तोंडातून आल्याचं डोळ्यांनी दिसत होतं, तरी निम्मे लोक त्याच्या मागं कोण बोललं ते शोधत राहिले. एक गृहस्थ तर व्हॅनमध्ये डोकावून आले.

याकूब तोवर मडक्यापाशी पोचला होता. त्यानं पाणी ओतून दिलं, मडकं पुसून कोरडं केलं आणि सगळं नव्यानं भरलं. वर पाल्याचा बोळा घट्ट कोंबला, मडकं वाळूत पालथं घातलं आणि भोवती खजुराच्या सुक्या झावळ्या रचल्या.

‘‘पालथं?’’ भागवत हादरले. ‘‘सांडेल ना रे!’’

‘‘पाणीच नाय तर सांडेल काय, शेठ? तुमचं पुणं?’’

पाऊण तास तो बोलत होता. कुणाला झावळ्या आणायला पिटाळलं, कुणाला धुराकडून हटवलं, आणि मडकं उचकून बघायला आलेल्या एका इंजिनियरला ‘‘बाळंतपण हाय ते, सारखं डोकवायचं नसतं’’ म्हणून परतवून लावलं. शेवटी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र आवाज होऊन पाणी उडून गेलं, तेव्हाच त्यानं जाळ बाजूला केला.

शेंगांचा वास सुटला. मग दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. चाळीस मराठी माणसं दहा मिनिटं गप्प, हे त्या वाळवंटानं आधी कधी पाहिलं नसावं.

बँकेतल्या विभावरी गोखल्यांनी बोटं चाटत कौतुक केलं, ‘‘भागवत, तुमचा हा आफ्रिकन किती छान मराठी शिकलाय हो!’’

‘‘शिकलो नाय, मॅडम,’’ याकूब म्हणाला. ‘‘जन्मल्यावर पहिला रडलो, तो पण मराठीतच.’’

सगळे हसले. विभावरीबाईही हसल्या, पण ‘रडतात कसं मराठीत’ याचा विचार करत राहिल्या.

भागवत खूश. परत येताना त्यांनी मला गाडीत घेतलं आणि जाहिरातीचा कागद लिहायला सांगितला. मराठी मजकूर फुकट लिहून देणारा देऱ्यातला मी एकमेव. मीही उत्साहानं लिहिलं: ‘दर शुक्रवारी पोपटी! अस्सल मराठी बोलणाऱ्या आफ्रिकनच्या हातची!’ भागवतांनी माझी पाठ थोपटली. याकूबला बाहेरची जागा पक्की. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तो कागद घेऊन, पेढे वाटावेत अशा चेहऱ्यानं भटारखान्यात गेलो.

याकूबनं कागद वाचला आणि ओट्यावर ठेवला.

‘‘कुणी लिवलं?’’

‘‘मी,’’ मी म्हणालो.

‘‘भाऊ, रोज चहा पिता माझ्यासंगती. तुम्हाला पण ठाऊक नाय मी कुठला?’’

भागवतच मध्ये पडले, ‘‘अरे, गंमत आहे. लोक बघायला येतील.’’

‘‘बघायला माकड आणा. मी ऑर्डर घ्यायला हाय. मुरुडचा लिवा.’’

‘‘पण तू दिसतोस आफ्रिकन!’’

‘‘तुम्ही दिसता हॉटेलवाले?’’

भागवतांनी खाली, स्वतःच्या शर्टाच्या खिशाकडं पाहिलं. खिशात अजून तीन पेन्सिली आणि एक फूटपट्टी होती.

‘‘याकूब, जानेवारीला महिना राहिलाय,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘म्हणून तर आत्ता सांगतोय. आईला मी खोटं सांगितलंय, शेठ. ते खरं करायचं तर माझ्या नावानं. नाहीतर तिकीट काढा. घरी आता वाल तयार हायेत.’’ त्यानं ॲप्रन सोडला, घडी घातली आणि कागदावर ठेवून मागच्या दारानं निघून गेला.

आतल्या दोघांना वडे जमत नव्हते, म्हणून दोन दिवस भटारखान्यात भागवत स्वतः ते तळत होते. ते वडे पाहून मला मंदी म्हणजे काय ते खऱ्या अर्थानं कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते वर माझ्याकडे आले. बोटांना चटके, कपाळाला पीठ.

‘‘नवा लिहा,’’ म्हणाले. ‘‘पोपटी. याकूब सिद्दी, मुरुड. बस्स.’’ मग कुरकुरले, ‘‘ह्यात गंमत कुठंय पण?’’

मी लिहिलं. या खेपेला छापण्याआधी कागद घेऊन मी एकटाच याकूबच्या खोलीवर गेलो. त्यानं तो दोनदा वाचला, ‘‘चालेल’’ म्हणाला आणि पासपोर्ट काढून माझ्याकडं दिला. ‘‘शेठना द्या. व्हिसाला लागेल.’’

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी विभावरीबाई सहा पाहुण्यांना घेऊन हॉटेलात आल्या. याकूब वही घेऊन टेबलाशी उभा राहिला.

‘‘पोपटीला शेंगा नायत आज, मॅडम. बाजारात सगळे वाल जून झालेत. कोंबडीवडे घ्या.’’

‘‘म्हणजे काय? अरे याकूब, आधी फोन करायला काय झालं होतं तुला?’’ बाई कडाडल्या. ‘‘एवढी माणसं घेऊन आले मी! मुरुडची माणसं सगळी मेली अशीच बेफिकीर!’’

याकूबनं मान खाली घालून वहीत लिहिलं: वडे, सात. आत जाताना तो माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबला.

‘‘ऐकलंत, भाऊ?’’ तो म्हणाला. त्याचे सगळे दात दिसत होते.