जावेला दिलेली मुलगी

नालांगू माझी धाकटी जाऊ. ट्रक उलटून तिचा नवरा गेला तेव्हा तिला मूलबाळ नव्हतं. रीतीप्रमाणे तिने दुसऱ्या दिराच्या घरात जायचं. ती गेली नाही. आठ वर्षं शाळेत काढलेली बाई. पायात बूट, काखेत वही, आणि रोज एकेका वस्तीचं काटेरी कुंपण ओलांडून एकच टुमणं, "पोरी शाळेत घाला." म्हातारे आमच्या रीतीने तिच्या डोक्यावर थुंकून आशीर्वाद द्यायचे आणि तिची पाठ वळली की हसायचे. मी तर तोंडावरच हसायचे.

ना मूल, ना नवरा, मग ही बाई फुकट पाय कशाला झिजवते? कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका सकाळी ती माझ्या नवऱ्यासाठी तंबाखू आणि माझ्यासाठी साखर घेऊन आली. चहा झाला, गुरांची चौकशी झाली, वासरांचीसुद्धा झाली. ताकाला येऊन भांडं लपवणारी माणसं मला लगेच कळतात.

"काय हवंय ते बोल की आता," मी म्हटलं.

"भावजी, मला एक लेक द्या," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली. "सिलान्तोई द्या. माझी म्हणून वाढवीन."

आमच्यात निपुत्रिक बाईने घरातलं मूल मागितलं तर नाही म्हणत नाहीत, शाप लागतो. आणि एकदा दिलं की ते मूल तिचं. लग्न तिने ठरवायचं, सोयरिकीत नवऱ्याकडून येणाऱ्या गाईही तिच्याच. नवरा हो म्हणाला. माझी थोरली बारा वर्षांची होती. जाऊ हे सगळं कशासाठी करते ते मला त्या क्षणी कळलं, निदान मला तसं वाटलं.

पोरगी शाळेत जाऊ लागली. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "तुझी जाऊ शहाणी हो. दुसरीने जन्म द्यायचा, हिने गाई घ्यायच्या." मी रात्रंदिवस तेच चघळत होते. मग एके दिवशी म्हातारा तुम्पेस तिच्या घरी शिरताना दिसला. दोन बायका पुरलेला आणि तिसरी शोधणारा माणूस. मी लेकीला दूध द्यायच्या निमित्ताने गेले आणि भिंतीला कान लावून उभी राहिले.

"मुलीची आई तू आहेस म्हणतात," तुम्पेस म्हणाला. "मग बोल."

"आई आहे म्हणूनच नाही म्हणते. चहा घ्या."

"शाळा काय दूध देते का गं?"

"अजून तरी नाही. साखर टाकू?"

तो फणफणत निघून गेला. दुसरी कुणी असती तर तिने तिथेच जावेचे पाय धरले असते. मी काय समजले? बाई भाव वाढवतेय.

आठ दिवसांनी नालांगू धावत आली. या वेळी तंबाखू नव्हती, साखर नव्हती.

"जाऊबाई, तुम्पेस आता तुमच्या दारी येईल. रेसियातोलाही मला देऊन टाका. आजच."

रेसियातो माझी धाकटी, अकरावं लागलेलं. माझ्याच मागे उभी राहून ती ऐकत होती.

"एक गिळलीस तेवढं पुरे," मी म्हटलं. "ही माझी आहे. हिच्यावर डोळा ठेवू नकोस."

नालांगू पोरीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेली. तो हातसुद्धा मला जरा जास्त वेळ राहिल्यासारखा वाटला.

महिन्याच्या आत तुम्पेसची तंबाखू, घोंगडी आणि मधाची दारू आमच्या घरात आली. नवऱ्याने घेतली. एकदा घेतली की मुलीचा शब्द दिला गेला. मी "पोर लहान आहे" म्हटलं, तर तो म्हणाला, "तेव्हा जावेला दिली नाहीस ना? मग ती माझी. माझ्या लेकीचं मी ठरवणार."

मी पळत नालांगूकडे गेले. वाटलं, आता ही मला टोमणा मारणार. तिने नुसते बूट चढवले.

"आता रीत आपल्या कामाची नाही. सरकारच्या चीफकडे जाऊ," ती म्हणाली. "लग्न थांबवतील. पण वय आईने सांगावं लागेल. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. चला."

चीफच्या कचेरीपर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. दारात माझ्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला, मग भावांचा, मग माझं घर. शिवाय तेव्हाही एक किडा डोक्यात वळवळतच होता, की हिचा यात काय फायदा? नालांगूने दोनदा हाक मारली. मी आत गेले नाही. ती एकटीच गेली आणि एकटीच बाहेर आली.

लग्नाच्या सकाळी रेसियातोचं डोकं भादरलं, अंगाला तेल आणि लाल माती लावली, गळ्यात मण्यांची कडी चढवली. नालांगू कुंपणाबाहेर उभी होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. घरातून निघालेल्या नवरीने मागे वळून पाहायचं नसतं, वळली तर दगड होते असं म्हणतात. मी लेकीच्या कानात तेच सांगितलं, "वळू नकोस हं."

ती कुंपणाबाहेर पडली, थोडी चालली आणि वळली. तिने नालांगूकडे पाहिलं. मी तिच्याहून जवळ उभी होते.