बंड्या कुठे बसलाय?

आज सकाळी बंड्या गेला.

कुत्रा होता. ज्यांना फक्त माणसांसाठीच रडायचं असतं, त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं.

माझे बाबा झाशीत राहतात, सीपरी बाजारच्या मागच्या गल्लीत. नोकरीसाठी साताऱ्याहून गेले, कारखान्यात इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि तिथलेच झाले. मी पुण्यात. "माझ्याकडे या" म्हटलं की म्हणतात, "पुण्यात मला कोण ओळखतं?"

झाशीत ओळखणारे खूप. पण मराठी बोलायला घरात एक आई, आणि आईने भाजीवाल्याच्या हातगाडीखालून उचलून आणलेला हा बंड्या.

गल्लीतल्या बाकी कुत्र्यांना फक्त "हट" कळायचं. आमच्या साहेबांना "पाय पुसून ये" सुद्धा कळायचं. पुसायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मी रडत होते, मावशी रडत होती, शेजारच्या पुष्पा भाभींना तर आवरत नव्हतं. आणि बाबा व्हरांड्यात उभे राहून खुर्च्या लावून घेत होते. डोळे कोरडे. "सबको पानी पिलाओ भई." आवाज अगदी ऑफिसमधला.

लोक म्हणत होते, "बड़े हिम्मतवाले हैं."

बंड्या आम्हा रडणाऱ्यांच्या मधून गेला. कुणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ बाबांपाशी गेला आणि त्यांच्या पायाला अंग टेकून उभा राहिला.

कुणीतरी म्हणालं, "अरे, कुत्ते को बाहर करो."

"रहने दो," बाबा म्हणाले. आणि त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

त्या घरात सगळ्यात जास्त कोण कोसळलंय, हे मला तेव्हा कळलं. तेही कुत्र्याने दाखवलं म्हणून.

बंड्याचे डॉक्टर सांगायचे की माणूस घाबरला, दुःखी झाला की त्याच्या घामाचा वास बदलतो, तो कुत्र्यांना कळतो. असेल. मला वाटतं बंड्याला बाबांचं गप्प बसणंही ऐकू यायचं. आमचे कान तेवढे चांगले नाहीत.

मग रोज संध्याकाळचा व्हिडिओ कॉल सुरू झाला.

"कसे आहात बाबा?"
"मस्त. एकदम फर्स्ट क्लास."

ताप असला तरी फर्स्ट क्लास. आईच्या वाढदिवसालाही फर्स्ट क्लास. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ओळखायचं म्हणजे भिंतीला विचारण्यासारखं.

म्हणून मी विचारणंच सोडलं. मी बंड्या कुठे बसलाय ते बघायचे.

झाशीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे, कूलरसमोरची जागा कुत्रा काय, पाहुणाही सोडत नाही. बंड्या कूलरसमोर तंगड्या पसरून पडलेला दिसला की मी निर्धास्त. कूलर सोडून बाबांच्या पायावर हनुवटी ठेवून बसला असेल, तर दिवस वाईट गेलाय. मग मी फोन लवकर ठेवायचे नाही. ऑफिसातल्या कागाळ्या सांगायचे, आमटीत काय चुकलं ते विचारायचे. तो उठून कूलरकडे गेला की मी फोन ठेवायचे.

बाबा हुशार. त्यांना पत्ता लागलाच. ते फोन एकदम नाकासमोर धरायला लागले.

"बंड्या कुठंय?"
"बाहेर गेलाय, फिरायला."

आणि त्यांच्या खुर्चीखालून घोरण्याचा आवाज.

"बाबा, बाहेर फार जवळ आहे हो तुमच्याकडे."

तेव्हा हसले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

थंडीत बंड्याच्या किडन्या गेल्या. खाणं सुटलं. गेल्या आठवड्यात त्याला उभंही राहता येईना. बाबा खाली सतरंजीवर त्याच्याशेजारी बसायला लागले. पुष्पा भाभी मला म्हणाल्या, "दीदी, अंकलजी उससे मराठी में दिन भर बतियाते हैं. हमें तो कुछ समझ नहीं आता, पर वो सुनता है."

आज सकाळी त्यांचाच फोन आला. "दीदी, बंड्या नहीं रहा. आप अंकलजी से बात कर लो. वो कुछ बोल ही नहीं रहे."

मी लगेच व्हिडिओ कॉल लावला.

बाबांनी दाढी केली होती. शर्ट इस्त्रीचा. "सगळं व्यवस्थित झालं. मागच्या मोकळ्या जागेत पुरला त्याला. कडुनिंबाखाली. तू उगीच त्रास करून घेऊ नकोस."

मी सवयीने त्यांच्या पायाशी बघायला गेले.

फरशी होती. पाण्याचं भांडं होतं. कूलर बंद.

आता मला बाबांच्या चेहऱ्याशिवाय बघायला काही उरलं नव्हतं. आणि त्या चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही दिसत नव्हतं.

मग मी विचारलं. "बाबा, आत कसं वाटतंय?"

बाबांनी वाकून ते पाण्याचं भांडं उचललं.

"तो असला की तिच्याबद्दल बोलता यायचं ग," बाबा म्हणाले. "तुझ्याशी बोललो तर तू रडशील, म्हणून बोलत नव्हतो."

"मी रडेन बाबा. तुम्ही बोला."

आणि माझे बाबा बोलले. आईचं नाव घेऊन बोलले. मध्येच रडले. मीही रडले. फोन गरम झाला, बॅटरी संपत आली, चार्जर लावून पुन्हा बोललो.

आज रात्रीच्या गाडीने मी झाशीला निघतेय. मेसेजना उत्तर द्यायला उशीर होईल.

बंड्या, बाळा, तुला मनापासून शेवटचा नमस्कार.

तू खूप केलंस. आता नीज.