कायतानचं देशी अंगण

परळला, भोईवाड्याच्या बाजूच्या एका गल्लीत कायतानचं घर आहे. बैठं, कौलारू, चहूबाजूंनी उंच इमारतींनी घेरलेलं. मागे जेमतेम दोन मोटारी उभ्या राहतील एवढं अंगण आणि अंगणात आजोबांनी बसवलेला दगडी क्रूस. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांची अशी घरं या भागात आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि त्यातलं एक आपलं आहे याचा कायतानला भारी तोरा. तसा तोरा त्याला बऱ्याच गोष्टींचा होता.

धंद्याने तो लोकांच्या बागा करून देणारा. तीस वर्षं त्याने बंगल्यांच्या कंपाउंडांत लॉन अंथरलं, गच्च्यांवर परदेशी पाम उभे केले. ती झाडं पाणी ढोसायची आणि त्यांच्याकडे एक फुलपाखरू फिरकायचं नाही, पण गिऱ्हाईक खूश तर कायतान खूश. साठीला टेकल्यावर कादंबरी नावाच्या एका आर्किटेक्ट मुलीबरोबर त्याने गिरगावात एक काम घेतलं. तिने नकाशात फक्त इथलीच झाडं लिहिली होती. कुडा, कुसर, करवंद, भारंगी. कायतान तिला हसला. वर्षभरात त्या बागेत पाखरं आली, पाणी निम्म्याहून कमी लागायला लागलं, आणि याचं हसणं बंद झालं.

बंद झालं ते झालं, वर खूळ शिरलं. बाप्तिस्म्याच्या जेवणाला गेला तरी यजमानांच्या कुंडीतल्या झाडाचं मूळ गाव विचारणार, आणि ते समुद्रापलीकडचं निघालं की तोंड वाकडं करणार. कामं मात्र त्याची खरंच सुंदर होत. एका अंगणातल्या कोणत्या कोपऱ्यात दुपारी किती वाजता सावली येते हे तो दोन दिवस नुसता बसून बघायचा, मग पेन्सिल उचलायचा. माणसाला विचारायचं असतं, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण फ्लोरी, दोघंच. कायतानने लग्न केलं नाही. फ्लोरीचा नवरा लॉयड लग्नानंतर याच घरात राहायला आला होता आणि त्याच वर्षी त्याने क्रूसाशेजारी खुरचाफ्याची एक काठी खोचली होती. नुसती काठी. तिचा वेडावाकडा, दांडगा वृक्ष झाला. लॉयड जाऊन अकरा वर्षं झाली, पण मे महिन्यात रोज संध्याकाळी फ्लोरी खाली पडलेला चाफा वेचायची, माळ करून क्रूसाला घालायची, आणि मग गल्लीतली उरलीसुरली चार घरं रोझरीच्या प्रार्थनेला जमायची.

गेल्या वर्षी मार्चमध्ये फ्लोरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिथून ती महिनाभर चिंचपोकळीला मुलीकडे, पर्लकडे गेली. नेमकं त्याच सुमाराला कादंबरीने सांगितलं की एका मासिकाला देशी झाडांच्या घरगुती बागांवर लिहायचं आहे, फोटो तुमच्याच अंगणाचे घेऊ. कायतान अंगणात गेला आणि पहिल्यांदाच त्याला ते गिऱ्हाइकाच्या अंगणासारखं दिसलं. पपई परकी. पेरू परका. चाफा, तोही सातासमुद्रापलीकडचा. देशी बागेचा पुरस्कार करणाऱ्याच्या घरी हे असं?

बायला, म्हणजे बहिणीला, आल्यावर चकित करू, असंही त्याच्या मनात होतं. हे खोटं नव्हतं, आणि तेच वाईट.

चार दिवसांत अंगण मोकळं झालं. चाफ्याचं लाकूड मऊ, करवतीला त्रास पडला नाही. सगळ्या फांद्या टेम्पोत भरून गेल्या. क्रूसाशेजारी त्याने कुडा लावला, भिंतीवर कुसरीचा वेल चढवला, कडेला करवंदं. फोटो झकास आले.

एप्रिलच्या शेवटी पर्लने आईला आणून सोडलं. वॉकर टेकत फ्लोरी मागच्या दारात आली आणि तिथेच थांबली. कायतान कुड्याबद्दल सांगत सुटला. पांढरी फुलं येतात, मे महिन्यातच येतात, वास पण असतो. ती ऐकून घेत होती. मग तिने एवढंच विचारलं,

“एक फांदी तरी ठेवलीस काय रे?”

नव्हती ठेवली. चाफ्याची काठी पंधरा दिवस कोपऱ्यात पडली तरी मातीत खोचली की जगते, हे ज्याला झोपेतही ठाऊक, त्या माणसाने एक वीतभर काठी बाजूला ठेवली नव्हती. त्याच्या नकाशात ती नव्हती ना! कायतान झाडांच्या मूळ गावाबद्दल काहीतरी पुटपुटला. पपई, पेरू, चाफा, सगळे बाहेरचे.

“आणि आपला क्रूस कुठला, कायतान?” फ्लोरी म्हणाली. “तुझं नाव कुठलं? उपट की ते पण.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं त्याला आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी तो शिवडीच्या कबरस्तानात गेला आणि लॉयडच्या कबरीजवळच्या चाफ्याची फांदी रखवालदाराला विचारून घेऊन आला. फ्लोरीने ती हातात घेतली, चीक पुसला, आणि परत दिली. हे चांगलं झाड आहे, ती म्हणाली, पण त्यानं लावलेलं ते नाही. त्या मे महिन्यात रोझरी शेजाऱ्यांच्या ओटीवर झाली.

यंदा कुडा फुलला. झाड लहान, पण पांढरंशुभ्र झालं. सकाळी शिंजीर पक्षी येतो, लोक मुद्दाम बघायला येतात, आणि कायतान त्यांना झाडांची नावं सांगतो, पूर्वीसारखी मान ताठ न करता. परवा संध्याकाळी अंगणात चांगला वारा होता. त्याने क्रूसासमोर खुर्ची ठेवली, पुसली, आणि आत जाऊन फ्लोरीजवळ उभा राहिला. वर्षभर घशात अडकलेलं शेवटी बोलून टाकलं. चुकलो, बाय. माफ कर.

फ्लोरी रस्त्याकडच्या खिडकीत बसली होती. तिने त्याचा हात धरला, थोपटला.

“माफ कधीच केलंय रे,” ती म्हणाली. “पण मना मागं अंगणात नको नेऊ.”