वीरगळ आणि माझं पार्किंग

परवा सकाळी बंगळुरात, येलहंकाच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये चांगली शिकलीसवरलेली माणसं हात जोडून एका कावळ्याची वाट बघत उभी होती. त्यात मीही होते, आणि सगळ्यात जास्त घाई मलाच होती...

त्याचं असं झालं. आमच्या रॅम्पशेजारी एक कोरीव दगड उभा आहे. तो हलवला की एका गाडीची जागा होते आणि ती मला मिळणार होती. असोसिएशनच्या हात धुवून मागे लागून मी ते मंजूर करून घेतलं होतं. दगड मागे जनरेटरजवळ जाणार होता.

नेमक्या साताऱ्याहून सासूबाई आल्या. दगड बघताच म्हणाल्या, "अगं, हा तर वीरगळ! आमच्या गावी देवळापुढे अशी रांग आहे." खाली एक माणूस गायींसाठी लढतोय, मध्ये अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीसमोर बसलाय... लढाईत मेलेल्या गावकऱ्याची आठवण.

"मग याला पान कोण वाढतं?" त्यांनी विचारलं.

शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात. ती नेमकी दगड हलवायच्याच दिवशी आली. सासूबाईंनी सकाळीच खीर-वडे करून दगडापुढे पान मांडलं. पहारी घेऊन आलेले कामगार ते बघून मागे सरकले. कावळा शिवल्याशिवाय दगडाला हात लावणार नाही म्हणाले.

आणि कावळा काही येईना. कंपाउंडवर बसले होते चांगले दोन-तीन, पण ढिम्म...

सासूबाईंनी गावाकडच्या पद्धतीने त्या वीराशी बोलणी सुरू केली. रोज दिवा लावू, मागची जागा स्वच्छ ठेवू... छे! शेवटी वैतागल्या. "त्याला मराठी कुठून कळणार? त्याच्या भाषेत विचारा." मग आमचे सेक्रेटरी गौडा सर पुढे झाले आणि दगडाला म्हणाले, "अण्णा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." म्हणजे, दादा, जरा अ‍ॅडजस्ट करा.

शत्रूपुढे न हटलेला माणूस, तो गौडा सरांसाठी काय अ‍ॅडजस्ट करणार!

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऊन चढत होतं, ऑफिसची वेळ टळून गेली होती. इतकी वर्षं रोज त्याच्यासमोरून गाडी काढली, पण त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट बघत होते. नाक झिजलंय, नाव कुठेच नाही... मला एकदम भरून आलं.

"ननगे पार्किंग बेडा, सार." मला पार्किंग नको. बंगळुरात आल्यापासूनचं माझं पहिलं अख्खं कन्नड वाक्य, आणि तेही स्वतःच्याच नुकसानीचं!

एक कावळा खाली उतरला आणि वडा उचलून गेला. कामगारांनी नमस्कार केला, पहारी आवरल्या. सासूबाई काही झालंच नाही अशा थाटात सगळ्यांना खीर वाढायला लागल्या.

योगायोग असेल, मला वाद घालायचा नाही. सासूबाईंचे मात्र मनापासून आभार... हे गाव राखताना तो मेला. आणि त्याच गावात त्याची उभं राहण्यापुरती जागा मी माझ्या गाडीसाठी मागत होते.