आमेन होईपर्यंत

अर्नेटा आत्याला खुर्चीत नीट टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बसली तरी काठावर, उठायच्या तयारीत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली, आणि रविवारी चर्चमध्ये सगळे बसलेले असताना ही दाराशी उभी. ती आमच्या चर्चची अशर, म्हणजे आल्यागेल्याला जागा दाखवणारी. पांढरा गणवेश, पांढरे सुती हातमोजे, डावी मूठ पाठीवर आणि उजव्या हातानं खुणा. तोंडानं एक शब्द नाही. तळवा वर झाला की थांबायचं, दोन बोटं दिसली की दोन जागा रिकाम्या आहेत, हात आडवा झाला की रस्ता बंद. प्रार्थना चालू असताना तो हात आडवाच असे. बाहेर पाद्रीबुवांची सख्खी बहीण का कुडकुडत उभी असेना, आमेन होईपर्यंत तिला आत प्रवेश नाही. आणि आतल्या माणसानं बाहेर जायचं तर नावच काढायचं नाही. लहानपणी मी देवाला भीत नसेन एवढी त्या हाताला भ्यायचे.

तर ही बाई त्या जानेवारीत हट्टाला पेटली. दोन्ही नातींना नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी दाखवायचा, आणि तोही संसदेपुढच्या मैदानावर उभं राहून. नायला सहा वर्षांची, कोरा चारची. पाणी गोठेल अशी थंडी पडणार आणि वर वारा सुटणार, असं रेडिओवाला घसा फोडून सांगत होता. मुलींची आई टमिका, म्हणजे आत्याची लेक, नर्स आहे. तिची नेमकी त्या दिवशी ड्यूटी.

"मम्मा, कोराचा खोकला आत्ता कुठे थांबलाय," टमिका म्हणाली. "टीव्हीवर बघा की. उलट जवळून दिसतं."

"घरात बसून मी पुष्कळ ऐकलंय," आत्या म्हणाली. "या दोघी नाही ऐकणार."

टमिकानं माझ्याकडे बघितलं. पुढचं आम्हाला दोघींना पाठ होतं. त्रेसष्ट साली काळ्यांच्या हक्कांसाठीचा तो मोठा मोर्चा आमच्या या राजधानीत आला तेव्हा आत्या चौदा वर्षांची होती. डीनवुडमधल्या आमच्या घरापासून एका बसचं अंतर. पण दंगल होईल या भीतीनं तिच्या आईनं तिला घराबाहेर पडू दिलं नाही, इस्त्रीला बसवलं. सगळी भाषणं तिनं रेडिओवर ऐकली, लोकांच्या शर्टांच्या कॉलरी दाबत. आता आपला काळा माणूस व्हाइट हाउसमध्ये राहायला जाणार आणि आपल्या नाती तो दिवस घरात काढणार, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

मी सोबत गेले ती काही हौसेनं नाही. मला गर्दी सोसत नाही आणि थंडी तर त्याहून नाही. पण साठीला टेकलेल्या बाईनं दोन चिमुरड्यांना घेऊन एकटीनं जायचं आणि मी घरात कॉफी पीत बसायचं, हे बरं दिसलं नसतं.

पहाटे तिच्या घरी पोचले तेव्हा मुलींची बांधाबांध चालली होती. तोंडाला व्हॅसलीन चोपडून झालं होतं, दोघी नुसत्या चकाकत होत्या. मोज्यांवर मोजे, त्यावर पावाच्या रिकाम्या पिशव्या, मग बूट. कोराला तर इतकं गुंडाळलं होतं की तिचे हात खालीच येत नव्हते.

"आजी, मला वाकता येत नाही," नायला म्हणाली.

"वाकायला चाललो नाही आपण," आत्या म्हणाली.

तिनं स्वतः लोकरीच्या हातमोज्यांच्या आत चर्चचे पांढरे हातमोजे घातले होते. मी बघितलं, तर म्हणाली, "ऊब राहते." सुती मोज्यांनी कसली ऊब राहते? पण बोलायची सोय नव्हती.

मैदानावर उजाडेपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. आम्हाला जागा मिळाली ती इतकी लांब की शपथ व्हायची त्या कॅपिटॉलचा घुमट अंगठ्याएवढा दिसत होता. जवळ एक मोठा पडदा होता, त्यावर सगळं दाखवत होते. माणसं अनोळखी लोकांच्या गळ्यात पडत होती, म्हातारे गात होते, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: कोराचे ओठ. मघाशी लाल होते, आता कसे आहेत? आत्याचंही लक्ष थाऱ्यावर नव्हतं. दर थोड्या वेळानं ती मुलींच्या टोप्या खाली ओढायची, गाल चाचपायची, मागे वळून फिरत्या संडासांपुढची रांग बघायची, पुढे वळून पडदा बघायची.

"बोटं हलवा. बुटातली. कुणाची बधीर झालीत? खरं सांगा."

"माझी नाही," कोरा म्हणाली. तिच्या नाकातून पाणी वाहत होतं.

"शू आलीय?"

"नाही."

"नक्की? मग म्हणशील."

"नाही म्हटलं ना आजी."

नायलाला काही दिसेना. पुढे जॉर्जियाहून आलेला एक धिप्पाड माणूस केसाळ टोपी घालून उभा होता. त्यानं न विचारताच तिला उचलून खांद्यावर घेतलं. "सोळा तास गाडी चालवलीय मी," तो म्हणाला. "हिचं वजन काय मला."

आणि मग प्रार्थना सुरू झाली. पुरुषांनी टोप्या काढल्या, एवढं मोठं मैदान गप्प झालं. आत्यानं मान खाली घातली, तिची डावी मूठ आपसूक पाठीवर गेली. नेमका त्याच वेळी कोरानं तिचा कोट ओढला.

"आजी, आता आली."

आत्याचा तळवा वर झाला.

"आजी, खूप आली."

"प्रार्थना चाललीय," आत्या कुजबुजली. "आमेन होऊ दे."

"अगं आत्या, जाऊ दे की तिला," मी म्हणाले. "मी घेऊन जाते."

तिनं माझ्यापुढे हात आडवा केला. मी चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, आणि मी जागच्या जागी थांबले. प्रार्थना लांबत गेली. कोरा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, मग नाचायची थांबली. तिच्या बुटांजवळच्या वाळक्या गवतातून वाफ निघायला लागली. ती रडली नाही, नुसती बघत राहिली आजीकडे. आमेन झालं तेव्हा सगळ्या मैदानानं आमेन म्हटलं. आत्यानं नाही म्हटलं.

मला तिचा असा संताप आला होता की सांगता येत नाही. पण तिचा चेहरा बघून मी गिळून टाकला. तिनं कोराच्या मांडीवरून हात फिरवला. विजार गार पडायला लागली होती, बुटातल्या पिशव्यांत पाणी साचलं होतं. शपथ अजून बरीच लांब होती. आधी गाणी, मग उपाध्यक्ष. त्या वाऱ्यात तोवर पोर लाकडासारखी झाली असती.

"तू थांब," मी म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं वाट बघितलीस. हिला मी नेते."

आत्यानं पडद्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं, एखादी वस्तू दुकानात परत ठेवताना बघतात तसं. मग म्हणाली, "थांबवलं मी तिला. मीच नेणार. तू नायलाला बघ. एकीला तरी बघू दे."

तिनं कोराला कडेवर घेतलं आणि वळली. समोर माणसांची भिंत. "वाट द्या, बाळ ओलं झालंय," ती म्हणत होती, पण गाणं सुरू झालं होतं, कुणाला ऐकू जातंय? तिनं दातांनी लोकरीचा मोजा ओढून काढला आणि उजवा हात वर केला. पांढरा मोजा, तळवा पुढे, बोटं जुळवलेली. मग हात हळूच बाजूला नेला.

जांभळी हॅट घातलेल्या एका म्हातारीनं तो बघितला. "अशर आहे ती," ती शेजारच्यांना म्हणाली. "ऐकू येत नाही का? सरका." आणि पुढच्या बाईला कोपरानं ढोसलं. त्या मैदानात आमच्या चर्चांमधून वाढलेली माणसं काही थोडीथोडकी नव्हती. त्या हातापुढे कसं वागायचं ते त्यांना शिकवावं लागलं नाही. एकेक जण बाजूला होत गेला, वाट उघडत गेली, मागून मिटत गेली. मग मला आत्या दिसेनाशी झाली.

नंतरचं सगळं मी बघितलं. पडद्यावर बघितलं तरी तिथे उभं राहून बघितलं, आणि इतकी रडले की गालावर मीठ जमलं. जॉर्जियावाला मध्ये दोनदा म्हणाला, "पोरी, पुढे बघ, पुढे." मी त्याकडे लक्ष दिलं नाही. शपथ संपली आणि जो आरडाओरडा उठला, तो मला पायाखालच्या जमिनीतून जाणवला.

पांगापांग झाल्यावर त्या दोघी मैदानाकाठच्या एका संग्रहालयात सापडल्या. आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, नुसत्या ब्लाउजवर. तिचा स्वेटर कोराच्या अंगात होता, म्हणजे पायांत; बाह्यांत पाय घातले होते आणि कमरेला स्कार्फ बांधला होता. कोराचे ओठ पुन्हा लाल झाले होते.

"आजीनं मला सॉरी म्हटलं," कोरानं आल्याआल्या सांगितलं. "दोनदा."

आत्यानं मान वर केली. तिनं मला काही विचारलं नाही. नायलाचे दोन्ही हात धरून तिला पुढ्यात उभं केलं.

"तू बघितलंस ना? सांग मला. पहिल्यापासून. हात कसा वर केला त्यांनी? बायबल कुणी धरलं होतं?"

नायला बुटांकडे बघायला लागली.

"घाबरू नको. आठवेल तसं सांग."

"मी नाही बघितलं," नायला म्हणाली.

"अगं, त्या काकांच्या खांद्यावर होतीस ना?"

"मी मागे बघत होते. तुझा हात दिसत होता. मग दिसला नाही, मग परत दिसला. तू हरवशील म्हणून बघत होते. मग तू या दारात पोचलीस आणि सगळे ओरडायला लागले. मला वाटलं, तू पोचलीस म्हणूनच ओरडतायत."

आत्यानं तिला जवळ ओढलं आणि तिच्या टोपीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. येणारेजाणारे तिच्याकडे बघून हसत होते. त्या दिवशी शहरात सगळेच रडत होते. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं.

"रेनी," ती मला म्हणाली, "तुझ्या पिशवीतला केक काढ. पोरी उपाशी आहेत."