पुनवेपासून मोजायचा महिना

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर लोक मजेत असतात, असं समजणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. वाद घालायची हौस फिटली आहे. त्या हौसेपायी मी एक चांगला मित्र घालवला. पुढं बऱ्याच वर्षांनी, एका सुट्टीत मतदार याद्यांसाठी दारोदार फिरून माझे गुडघे बोलायला लागले होते. अंबडच्या घरात कूलरसमोर बसलो होतो, आणि शाळेतल्या एका सहकाऱ्यानं दिलेली जुन्या गेमांची सीडी, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, लावली.

पहिलंच चित्र पाहिलं आणि ओळखलं. डोंगरावरची ओसाड वेधशाळा. या गेममध्ये ना माणूस दिसतो, ना मारामारी होते. नुसती बंद दारं, गंजलेली चाकं, किल्ल्या आणि जुन्या रखवालदाराची एक डायरी. एक कोडं सुटलं की एक दार उघडतं, बस. नऊ-दहा वर्षांपूर्वी हाच गेम मी आणि तो मित्र जालन्यात, मस्तगडातल्या त्याच्या घरी खेळायचो, आणि ह्याच्यावरूनच आमचं बोलणं तुटलं होतं.

मी हसनाबादच्या शेतकऱ्याचा मुलगा, तेव्हा जालन्यात खोली करून डी.एड. करत होतो. तो मारवाडी, माझ्याच वयाचा. खाली त्यांचं हार्डवेअरचं दुकान, वर घर. दुकानासाठी घेतलेला कॉम्प्युटर त्याच्या वडलांना काही झेपला नाही, तेव्हा त्याची रवानगी वरच्या खोलीत झाली. रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. लाईट असली की आम्ही त्याच्यावरचं प्लास्टिकचं झाकण काढायचो. तो माउस धरायचा, मी डायरीतलं इंग्रजी वाचून सांगायचो. माझं इंग्रजी म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी, पण तेवढ्या जोरावर मी त्या खोलीत फार रुबाब केला.

आम्ही अडलो ते मनोऱ्यात. तिथल्या दारावर गोल खाच होती आणि चंद्राच्या आठ तांब्याच्या चकत्या. रखवालदाराचा महिना जसा सुरू होतो तशा त्या वरून क्रमानं लावायच्या. चुकलं की जिना कोसळायचा आणि पुन्हा डोंगराच्या पायथ्यापासून सुरुवात. वर यायला अर्धा तास सहज जायचा. मी सांगितलं, अमावास्या संपली की महिना लागतो, लहान पोरालाही ठाऊक आहे. बारीक कोर आधी, मग वाढत पुनवेपर्यंत, मग उतरत अमावास्येपर्यंत. लावलं. जिना कोसळला. मी म्हणालो, चित्रं उलटी काढली असतील, कोर दुसऱ्या बाजूनं घे. पुन्हा जिना कोसळला.

"आमच्यात पुनव झाली की महिना लागतो," तो म्हणाला. "जन्माष्टमी तुमची श्रावणात, आमची भादव्यात. दिवस एकच ना? एक बार तसं लावून तं पाहू."

"तूच वाचलं ना, डायरीबी पुनवेपासूनच सुरू हाये," तो पुढं म्हणाला. मी म्हणालो, आधीची पानं फाटली असतील. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मला येत होतं, त्यामुळे प्रश्न मिटला. तो तरी चकती उचलायला लागला, तसा मी त्याच्या हातातला माउसच घेतला.

"तुमचा समदाच कारभार उलटा! परमुलखातून आले अन् आम्हालाच महिने शिकवून राह्यले?"

हे मी म्हणालो. त्याच्या घरचा चहा पीत म्हणालो. तो सावकाश म्हणाला, "सहा पिढ्या झाल्या आमच्या इथं." तेवढ्यात लाईट गेली. मी चपला घालून खाली उतरलो.

आपलं चुकलं हे मला त्याच दिवशी, खोलीवर जाताना रस्त्यातच कळलं होतं. पण पुढच्या रविवारी त्यानं बोलवावं म्हणून मी खोलीत बसून राहिलो. मग परीक्षा आली, मग नोकरी, मग अंबड, मग लग्न, पोरं. जालन्याला गेलो की मस्तगडातून जायचं मी टाळायचो. ताठा करायलाही पुढं पुढं दम लागतो, पण सवय सुटत नाही.

आणि आता, एवढ्या वर्षांनी, कूलरसमोर मी पुन्हा मनोऱ्यात पोचलो. लाज वाटते सांगायला, हातानं आधी बारीक कोरच लावली. जिना कोसळला. मग चष्मा लावून डायरी उघडली. पहिलं पान अगदी पहिलंच होतं, कुठं फाटल्याची खूण नव्हती. मी पूर्ण चंद्र वर ठेवला, त्यापुढं उतरत्या कोरी लावल्या. दार एका फटक्यात उघडलं. आत एक बोळ होता आणि आणखी तीन बंद दारं. आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसतं थकल्यासारखं झालं. मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं जालन्याला गेलो. तो गल्ल्यावर होता. केस मागं सरकले होते, बाकी तोच. गिऱ्हाइकासाठी खिळे तोलत होता. मी नमस्कार-चमत्कार काहीच न करता म्हणालो, "दार उघडलं. पुनवेपासून लावल्यावर."

त्याचा हात थांबला. कोणतं दार, असं त्यानं विचारलं नाही.

"माहीत हाये मला. तू गेल्ता ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी उघडलं व्हतं."

"मंग पुढं काय व्हतं?"

"पुढं न्हाई गेलो. तू येशील म्हणून तिथंच थांबवून ठेवलं. आल्यावर दोघं मिळून आत जाऊ म्हणलं. लई रविवार वाट पाह्यली. मंग ते मशीनच बिघडलं."

हे सगळं तो खिळ्यांकडे बघत, राग नसलेल्या आवाजात बोलला. चुकलो म्हणायला मी आलो होतो, पण मला वाटलं होतं, चूक महिन्याच्या हिशेबाची आणि त्या एका वाक्याची. इतकी वर्षं तो दाराशी थांबलेला होता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तेव्हा बोललो ते. अन् आलो न्हाई, तेबी."

त्यानं खिळ्यांची पुडी बांधली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या, गुरुजी," तो म्हणाला. मघाशी मी 'तू' होतो. "बसा. चहा सांगतो तुमच्यासाठी."